नजरेची ड्यूटी

साताऱ्यात नर्सिंगला होते तेव्हा आमच्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, नेमका बाथरूमच्या दारांसमोर, एक कॅमेरा बसवला गेला. "तुमच्याच सुरक्षेसाठी," वॉर्डनबाई म्हणाल्या. आम्ही लगेच पत्रक काढलं. आम्ही म्हणजे मी. 'आमच्यावर नजर ठेवणारे तुम्ही कोण?' हे शीर्षक, खाली दोन्ही बाजूंनी गच्च मजकूर. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, उद्गारचिन्हं थोडी कमी करा, पानात मावंना." मी एकही कमी केलं नाही. मग ठिय्या झाला, घोषणा झाल्या, दोघींचा घसा बसला आणि तडजोड निघाली. कॅमेरा निघाला नाही, भिंतीकडं वळवला. मी पास होऊन बाहेर पडेपर्यंत तो भिंतीवर नजर ठेवून होता. भिंत सुरक्षित राहिली.

आणि पहिली नोकरी लागली ती सांगलीत, विश्रामबागेतल्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयात. पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरनं मला एक पेशंट दाखवली आणि म्हणाली, "ही तुझी. नजरेआड करायची नाही. जेवताना, झोपताना. बाथरूमला गेली तरी कडी लावू द्यायची नाही, दाराशी उभं राहायचं."

"बाथरूमला पण?"

"बाथरूमलाच मुख्य."

देवावर माझा विश्वास नाही, पण त्याच्या विनोदबुद्धीवर तेव्हापासून बसायला लागला.

पेशंट उंब्रजच्या बाजूची. तिशीची, उसाचं रान असलेल्या घरातली सून, नवरा फौजेत, सीमेवर. दोन महिन्यांपासून खाणं तुटलेलं, झोप नाही, बोलणं जवळजवळ बंद. आणि मग एका दुपारी शेतातल्या विहिरीच्या काठावरून दिरानं तिला दंडाला धरून मागं ओढलं होतं. हे दिरानं डॉक्टरांना एकट्याला गाठून, दबक्या आवाजात सांगितलं. सासूनं सगळ्यांसमोर सांगितलं ते असं, "पाय घसरला."

आमच्या या दोन जिल्ह्यांत बायकांचे विहिरीकाठी इतके पाय घसरतात की मातीतच काहीतरी गुळगुळीत असावं. पुरुष माणसं त्याच काठावरून रोज जातात, मोटर चालू करतात, बंद करतात, त्यांचा घसरत नाही.

गावात तर पाय घसरल्याचंही सांगितलेलं नव्हतं. गावात सांगितलं होतं, थायरॉइड. सांगलीला थायरॉइडच्या तपासण्यांसाठी नेलंय. त्यामुळं सासूबाई फोनवर बोलताना वॉर्डाच्या बाहेर जायच्या, कारण आत मागं कुणी ओरडलं तर थायरॉइडचा पेशंट असा का ओरडतो हे समजावणं अवघड.

दाखल करून घेताना धोक्याचा फॉर्म भरायचा असतो. स्वतःला इजा करण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, एका चौकटीत खूण करायची. तिच्या फॉर्मवर डॉक्टरांनी 'जास्त' वर खूण केली. जास्त असला की अंगावरची दोरी, नाडी, साखळी, काच, पिन सगळं काढून ठेवायचं. साडी जाऊन बटणांचा गाऊन आला. हिरव्या बांगड्या सासूबाईंनी कुरकुरत उतरवल्या. मी मंगळसूत्राकडं हात केला आणि मावशी, म्हणजे सासूबाई, उभ्याच राहिल्या.

"त्याला हात लावायचा न्हाई, शिस्टर. माझा ल्योक बॉर्डरवर हाय. आन तुमी त्याच्या नावाचं काढताय व्हय?"

आता मंगळसूत्रावर माझं वेगळं पत्रक होतं. पहिल्या ओळीत 'बेडी', दुसऱ्या ओळीत 'गुलामी'. तोंडपाठ, आणि इन्चार्ज सिस्टरला आधीच ऐकवून झालेलं. मी श्वास घेतला, आणि इन्चार्ज सिस्टरनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.

"मावशी," ती म्हणाली, "ऑपरेशनच्या टायमाला काढत्यात का न्हाई?"

"काढत्यात की."

"मग हे ऑपरेशनच समजा. टाके दिसत न्हाईत एवढंच."

मावशींनी बराच विचार केला, मग स्वतःच्या हातानं सुनेच्या गळ्यातलं काढलं, रुमालात बांधलं आणि पोलक्यात ठेवलं. "पण मोकळ्या अंगानं ठिवायची न्हाई पोरीला," त्या पुटपुटल्या. "कायतरी पायजेच अंगावर." हे मी ऐकलं, आणि बायका म्हणतात तसं म्हणाल्या असतील म्हणून सोडून दिलं. बाहेर आल्यावर इन्चार्ज सिस्टर म्हणाली, "तुझी बेडी संध्याकाळी वाच मला. आत्ता पेशंट वाचू दे." त्या दिवसापासून मी 'कॉम्रेड सिस्टर' झाले. "कॉम्रेड, साडेतीनचं इंजेक्शन राहिलं का क्रांतीनंतर द्यायचं?" असं.

चिडायला मला जागा भरपूर होती. पूर्ण वॉर्डाला एका पाळीत आम्ही दोघी आणि एक आया. त्यात एकीनं एका पेशंटला नजरेआड करायचं नाही, म्हणजे बाकी सगळ्यांना दुसरीनं. मी मॅनेजरना विचारलं, माणसं का वाढवत नाही? ते म्हणाले, "कॅमेरे आहेत ना." कॅमेरे होते, खरंच. चार होते. त्यांचा पडदा रिसेप्शनवर होता, रिसेप्शनवरच्या मुलीच्या पाठीमागं. तिला पाहायचं तर खुर्ची फिरवावी लागे, आणि खुर्ची फिरत नव्हती.

निरीक्षणाचा तक्ता वेगळाच. ठरावीक वेळानं पेशंट काय करते ते लिहायचं. आमच्याकडं तो पाळीच्या सुरुवातीलाच शेवटपर्यंत भरून ठेवायची रीत होती. 'शांत. सहकार्य करते.' सगळ्या रांगांत तेच. एकदा एका पेशंटनं वरणाचं ताट भिंतीवर मारलं, आणि तक्त्यावर ती त्या क्षणी शांत होती आणि सहकार्य करत होती. तपासणीला येणारी मंडळी तक्ते बघून खूश व्हायची. इतका शांत वॉर्ड त्यांनी कुठं बघितला नव्हता.

तर रोज सकाळी ती आंघोळीला जायची आणि मी अर्धवट उघड्या दाराशी उभी. कुठं बघायचं? बघितलं तर वॉर्डनबाई. नाही बघितलं तर ड्यूटी बुडाली. शिकवलेलं असं होतं की नजर थोडी बाजूला ठेवायची आणि पेशंटला बोलतं ठेवायचं, आवाज चालू म्हणजे माणूस चालू. पण ती बोलतच नव्हती. म्हणून मीच बोलायचे. काय बोलायचं संपलं तेव्हा होस्टेलची लढाई सांगितली. कॅमेरा, पत्रक, ठिय्या, घसा. आत नुसता पाण्याचा आवाज. मी आपली सभेत बोलल्यासारखी बोलतेय, समोर प्रेक्षक म्हणून प्लॅस्टिकची बादली.

दोन दिवसांनी, केस पुसता पुसता, आतून आवाज आला.

"मग निघाला का?"

"काय?"

"क्यामेरा."

"नाही. भिंतीकडं वळवला."

टॉवेल झटकल्याचा आवाज. मग, "म्हंजे भिंतीला लाज वाटत आसंल."

मी हसले. ती हसली का ते दिसलं नाही, नजर बाजूला होती. पण तक्त्यावर मी 'शांत' खोडून 'विनोद केला' असं लिहिलं. इन्चार्ज सिस्टर वैतागली, "हा कसला शेरा? उद्या सगळ्यांना वेगवेगळं लिहायला लागेल." मी म्हटलं, तेच तर.

आता खरी भानगड.

आम्हाला शिकवलेलं एक साधं वाक्य आहे की ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं कल्पना सुचत नाही, उलट ओझं उतरतं. परीक्षेत हे लिहून सगळ्यांना मार्क मिळतात. प्रत्यक्षात कुणीच विचारत नाही. डॉक्टर विचारायचे, "आता बरं वाटतंय ना?" याला उत्तर एकच असतं. नातेवाईक विचारायचे, "जेवलीस का?" मी वाट बघत होते की कुणीतरी विचारेल. शेवटी मीच विचारलं. कॉटशेजारी बसून. माझी विचारण्याची रीत मोर्च्यातली आहे, हे मला मान्य आहे.

"ताई, तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून मावशी. थर्मास घेऊन आलेल्या, थर्मास तसाच हातात.

"आवं काय बोलताय? काय बोलताय तुमी! तिच्या डोस्क्यात नसंल तर तुमी घालताय! असलं अभद्र बोलून दाखवत्यात व्हय? आन ह्या म्हनं नर्स!"

सगळा वॉर्ड उठून बसला. मी म्हटलं, मावशी, ऐका. मी कोयनानगरची. लहानपणापासून जमीन हलताना बघत आलेय. भांडी वाजली की आमच्याकडं पहिली गोष्ट काय करतात? शेजारच्याला हाक मारून विचारतात, 'कळलं का?' विचारल्यानं धक्का बसत नाही. धक्का आधीच बसलेला असतो.

"तुमच्या कोयनंचं तुमच्यापाशी ठिवा," मावशी म्हणाल्या, आणि मॅनेजरकडं गेल्या.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "तुम्ही पेशंटला आत्महत्या सुचवता अशी तक्रार आहे." मी पुस्तक दाखवलं. ते म्हणाले, "पुस्तकात असेल. बिल नातेवाईक भरतात." तोंडी ताकीद मिळाली, आणि विचारायला बंदी झाली. म्हणजे तिच्या फॉर्मवर धोका 'जास्त', आणि त्या धोक्याबद्दल तिच्याशी बोलायची मनाई. मी स्टाफच्या संडासाच्या दारावर आतल्या बाजूनं एक पत्रक लावलं. तिथं निवांत वाचून होतं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यावर पेनानं लिहिलं होतं, 'उद्गारचिन्हे कमी करा.' अक्षर इन्चार्ज सिस्टरचं.

आणि मावशींनी ठरवलं, सून घरी न्यायची. गावची यात्रा तोंडावर आली होती. यात्रेला सून दिसली नाही तर थायरॉइड टिकणार नव्हतं. घरात पाहुणे, पोळ्या, पालखी दारात येणार, आणि सून कुठाय? "चार दिवस मिरवू द्या, मग परत आणतो," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता नको. मग सल्ल्याविरुद्ध नेतोय असं लिहून द्यायचं ठरलं. सही नवऱ्याची. तो तातडीची रजा काढून निघाला होता. तो येणार, सही करणार, आणि ती त्याच विहिरीपासून हाकेच्या अंतरावर जाऊन पोळ्या लाटणार. वॉर्डातल्या प्रत्येकाला हे दिसत होतं. रिसेप्शनवरच्या मुलीलासुद्धा, खुर्ची न फिरवता.

नवरा पोचायचा त्याच दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. दाराशी मी.

"आज दार लावू का?" तिनं विचारलं.

इतक्या दिवसांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मला होस्टेल आठवलं, पत्रक आठवलं. हो म्हणावंसं वाटलं.

"नको," मी म्हटलं. "बोलत राहा माझ्याशी. यात्रेचं सांगा. पोळ्या किती लाटता?"

"लय लाटतो आमी. दोन पायल्यांच्या." मग पाणी. मग, "पुरण आत्याबाई वाटत्यात. मला..."

आणि आवाज बंद. पाण्याचाही.

मी आत गेले. ती गाऊन घालून उभी होती. हातात एक काळा दोरा. चांगला जाड, अनेक पदरी, मधे गाठी. देवरुषाकडचा. मावशींनी दिराच्या हाती गावाहून मागवला होता आणि आदल्या दिवशी, दुसरी नर्स रजेवर म्हणून मी औषधं वाटत असताना, सुनेच्या कमरेला, गाऊनच्या आत बांधला होता. पोरीला मोकळ्या अंगानं ठेवायची नाही म्हणून. तिच्या जिवाला जपायला. आम्ही गळा मोकळा केला, हात मोकळे केले, नाडी काढली, आणि घरच्यांनी संरक्षण म्हणून नेमकी दोरीच आणून दिली.

"कालपास्नं माझं ध्यान सारखं ह्याच्याकडंच जातंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, पोळ्यांचं सांगत होती तसाच. "तुमी त्या दिवशी इचारलं व्हतं. मी सांगणार व्हते, तेवढ्यात ह्या आल्या. व्हय, येतंय मनात. लय येतंय. हे घ्या. माझ्यापाशी नगं."

दोरा माझ्या हातात आला. तिचा हात गार होता आणि मी तो बराच वेळ धरून ठेवला. यावर माझं कुठलंही पत्रक नव्हतं.

पत्रक नंतर आठवलं. तिला कॉटवर बसवून, इन्चार्ज सिस्टरला शेजारी बसवून मी दोरा घेऊन मावशींसमोर गेले तेव्हा अंधश्रद्धेवरचं पूर्ण पत्रक, पाठपोट, जिभेवर होतं. "हे काय केलंत मावशी? कळतंय का तुम्हाला, हे काय आहे?"

मावशींना कळलं. आधी दोऱ्याकडं बघितलं, मग सुनेकडं, मग माझ्याकडं, आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी तिच्या जिवासाठीच..." एवढंच. पुढचं पदरात गेलं. आमचा शांत, सहकार्य करणारा वॉर्ड चिडीचूप.

तेव्हा कॉटवरून आवाज आला.

"त्यांच्याच हाताला बांधा, शिस्टर. महिना झाला झोपल्या न्हाईत त्या."

मी इन्चार्ज सिस्टरकडं बघितलं. तिनं पहिल्यांदाच कॉम्रेड म्हटलं नाही. कात्री आणली, दोरा आखूड कापला आणि मावशींच्या मनगटाला बांधला. मी देवरुषाचा दोरा बांधायला मदत केली, गाठीवर बोट धरून. हे माझ्या जुन्या मित्रमंडळींना कळू नये.

दुपारी नवरा आला. हिरवी बॅग, डोळे प्रवासानं लाल. मॅनेजरनं कागद तयारच ठेवला होता. मावशींचं मनगट पदराखाली. दीर म्हणाला, "दादा, कर सही. परवा यात्रा हाय, लोक इचारत्यात."

"लोक इचारत्यात," नवरा म्हणाला. "आन तिला कुणी इचारलं?"

मी म्हटलं, मी विचारलं, आणि मला त्याबद्दल ताकीद मिळालीय. मॅनेजर खोकले. मग मी सगळं सांगितलं, विहीर, दोरा, सकाळचं उत्तर. आवाज न चढवता. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. त्यानं उभ्या उभ्या ऐकलं.

"आमच्यात संतरीला पहिलं काय शिकवत्यात म्हाईत हाय का, म्याडम? अंधारात कोण हाललं तर आदी आवाज द्यायचा. 'थम, कौन है?' आवाज न देता नुसतं बघत बसला तर तो संतरी न्हवं, खांब."

मग तो तिच्याजवळ गेला. फौजेतला गडी, पण स्टुलावर बसताना दोनदा स्टूल सरकवलं. आम्ही पाठमोरे झालो, कान तेवढे तिकडं. बराच वेळ त्यानं रजेचं सांगितलं, गाडीत जागा मिळाली नाही ते सांगितलं. मग थांबला.

"का गं. ते... जिवाचं. येतंय का मनात?"

"व्हय."

"आत्ता?"

"आत्ता न्हाई. सकाळी व्हतं."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मग उद्या सकाळी परत इचारतो."

कागदावर सही झाली नाही. यात्रा सुनेवाचून पार पडली. थायरॉइड वाढल्याचं गावाला कळवण्यात आलं.

ती नंतर पुष्कळ दिवस राहिली आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरी गेली. फॉर्मवर 'जास्त' चं 'मध्यम' झालं, 'मध्यम' चं 'कमी'. माझी ताकीद कायम आहे, मी अजूनही विचारते, मॅनेजर अजूनही खोकतात. वॉर्डात एक नर्स वाढली. कॅमेरे दोन वाढले.

आमच्या डॉक्टरांची साताऱ्यात आठवड्यातून एकदा ओपीडी असते, आणि मला सोबत नेतात. उंब्रजकरांना ती सोयीची पडते. मागच्या खेपेला दोघी आल्या होत्या. सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, अंगावर नवीन साडी. मावशींच्या मनगटाला तो दोरा, आता विटून तपकिरी. बाकावर माणसं दाटीनं बसलेली, आणि मावशी माझ्याशी बोलतात त्या रानातून बोलावं तशा आवाजात.

"रोज इचारते मी, शिस्टर. चा द्यायच्या आदी. 'काय गं, आज कसं हाय मनात, तसलं काय येतंय का?' तुमच्या कोयनंवानी. ती म्हनती, न्हाई आत्याबाई. मग चा."

शेजारची बाई वळून बघायला लागली. मावशींना फिकीर नव्हती. मी मात्र सवयीनं आवाज खाली आणला.

"आणि कधी हो म्हणाल्या तर?"

"म्हनली की एकदा. परवाच्या आमुशाच्या आदी. व्हय म्हनली."

"मग?"

"मग काय. ल्योकाला फोन लावून दिला, तुमच्या डाक्टरला लावला. त्या दिवशी रानात गेलेच न्हाई मी. शेंगांचं पोतं वतलं सोप्यात, आन दोघी फोडत बसलो. सांजपत्तर."

"काय बोललात?"

"काय बोलायचं? शेंगा फोडल्या."

ती बाजूला बसून ऐकत होती. म्हणाली, "निम्म्या ह्यांनीच खाल्ल्या."

"दात कुठं हायत मला खायला!" मावशी खेकसल्या.

आमच्या धोक्याच्या फॉर्मवर खाली एक रकाना असतो, 'संरक्षक बाबी'. घरचा आधार, श्रद्धा, नोकरी असं काहीतरी त्यात लिहायचं असतं, आणि सगळे 'कुटुंबाचा आधार चांगला' असं लिहून मोकळे होतात. त्या दिवशी तिच्या फॉर्मवर मी तिथं 'शेंगा' असं लिहिलं. तपासणीच्या मंडळींना कळणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन.